न बघता कळणारा खून

आमच्या घरात टीव्ही पुढच्या खोलीत आणि स्वयंपाक मागच्या. मध्ये एक कापडी पडदा. रात्री जेवणाच्या वेळी कुठलीतरी खुनाबिनाची मालिका लागलेली असायची. आम्ही भावंडं टीव्हीसमोर, आई आत भाकरी थापत. तिला चित्र दिसत नसे आणि संवादही परातीच्या थपथपाटात अर्धेमुर्धेच पोचत. तरी मधूनच आतून आवाज यायचा, “मेला काय रे कोण?”

“नाही अजून.”

“मग मरतंय बघ आता,” असं म्हणून ती भाकरी उलटायची. आणि जाहिराती लागायच्या आत कुणीतरी मरायचंच.

चेलो नावाचं मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य असतं हे आईला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. पण पडद्याआड तिला जे कळत होतं, ते तसंच कळावं म्हणून कुणीतरी मुंबईतल्या एखाद्या लहानशा खोलीत रात्र रात्र बसून बेतलेलं होतं. ते कसं बेततात, ते आज जरा उलगडून बघू.

या धंद्यातले लोक त्याला ‘बीजी’ किंवा ‘बीजीएम’ म्हणतात. पार्श्वसंगीत हा आपला छापील शब्द. गाणं ऐकण्यासाठीच असतं. बीजीची गंमत अशी की ते कानावर पडलं पाहिजे, पण ‘काय छान वाजवलंय’ असं मनात आलं तर ते फसलं. थरारक मालिकेत त्याचं काम भीती दाखवणं असं सगळे धरून चालतात. मला ते पटत नाही. भीती नट दाखवतो, अंधार दाखवतो, कॅमेरा दाखवतो. संगीत वाट पाहायला लावतं.

वाट पाहणं म्हणजे काय, हे सोलापूरकराला गड्ड्याच्या यात्रेत कळतं. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वराचं प्रतीकात्मक लग्न, होतो. सातही नंदीध्वजांच्या उंच काठ्या येऊन उभ्या राहिलेल्या, पाय ठेवायला जागा नाही, आणि प्रत्येकाच्या मुठीत अक्षता. संमती वाचन चालू असतं. लहानपणी मला त्यातलं फार काही कळत नसे. ‘दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम’ आलं की हात वर करून उधळायच्या, एवढंच ठाऊक. त्यामुळे कान त्या दोन शब्दांवर लावून मी इतकी घट्ट मूठ आवळायचो की तांदूळ घामाने ओले व्हायचे. अक्षता उडाल्या की दोन क्षणांत सगळं आटोपतं. अंगावर काटा येतो तो त्याच्या आधी. थरारक मालिकेच्या संगीतकाराला हा ‘आधी’ ताणायचा असतो, आणि ताणण्यासाठी त्याच्या हाताशी ऑर्केस्ट्रा असतो.

ऑर्केस्ट्रा म्हटलं की आपल्याकडे गणपतीच्या मांडवातला, किशोरकुमारची गाणी म्हणणारा कार्यक्रम डोळ्यांपुढे येतो. इथला ऑर्केस्ट्रा वेगळा. पाश्चात्त्य पद्धतीचा, सत्तर ते शंभर वादकांचा ताफा: गजाने वाजणारी तंतुवाद्यं, बासरी-क्लॅरिनेटसारखी फुंकवाद्यं, ट्रम्पेट-ट्रॉम्बोनसारखी पितळी वाद्यं आणि मागे ढोलांची रांग. यातलं क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि ढोल आपल्या लग्नाच्या वरातीत रस्त्याने चालत असतात, म्हणजे तसं बघितलं तर निम्मा ऑर्केस्ट्रा आपल्या ओळखीचाच आहे. अनोळखी असते ती तंतुवाद्यांची फौज, आणि थरार बहुतेक तिच्याकडूनच काढतात.

कारण साधं आहे. फुंकणाऱ्याला श्वास घ्यावा लागतो, ढोल वाजला की विरतो. गजाचं वाद्य मात्र एकच स्वर कितीही वेळ धरून ठेवू शकतं. एकाने गज परतवला तरी बाकीच्यांचे चालूच असतात. शिवाय पंधरा व्हायोलिनवाले एकच स्वर लावतात तेव्हा प्रत्येकाचा स्वर केसभर इकडेतिकडे असतो. तो केसभर फरक मिसळून जो आवाज तयार होतो त्याला अंग असतं. एकट्या व्हायोलिनचा आवाज माणसासारखा वाटतो, पंधरांचा जमावासारखा. आणि हा जमाव ऐकूही येणार नाही इतक्या हळू आवाजापासून सुरुवात करू शकतो. संगीत नक्की कधी चालू झालं, हे प्रेक्षकाला सांगता येत नाही.

आता एक दृश्य धरू. सोलापुरातलीच एक बंद पडलेली मिल. ज्या शहराचा दिवस एके काळी मिलच्या भोंग्यावर उगवायचा, तिथे अशी जागा शोधायला लांब जावं लागत नाही. रात्र. एक महिला पीएसआय एकटीच शेडमध्ये शिरते. सुरुवातीला दार करकरतं. १२ व्या सेकंदाला टॉर्च लागतो. ३१ व्या सेकंदाला धुळीत ताजी पावलं दिसतात. ४८ व्या सेकंदाला छतातून पारव्यांचा थवा फडफडत उडतो. आणि ७० व्या सेकंदाला, तिच्या पाठीमागे, कुणाचातरी मोबाइल वाजतो.

संगीतकार आणि दिग्दर्शक हे दृश्य आधी कोरडं, म्हणजे संगीताशिवाय बघतात. या बैठकीला ‘स्पॉटिंग’ म्हणतात. संगीत कुठे सुरू करायचं आणि कुठे थांबवायचं, एवढंच तिथे ठरतं. ऐकायला किरकोळ, पण निम्मी लढाई इथेच जिंकली किंवा हरली जाते. दार उघडण्याआधी संगीत सुरू केलं तर आत धोका आहे हे प्रेक्षकाला तिच्या आधी कळतं. मग तो मनात ओरडतो, ‘अगं जाऊ नकोस.’ पावलं दिसल्यावर सुरू केलं तर प्रेक्षक आणि ती बरोबरीने दचकतात. दोन्ही बरोबर, पण दोन वेगळ्या मालिका होतात.

समजा दारापासून सुरू केलं. डबल बास, म्हणजे माणसाच्या उंचीपेक्षा मोठं असलेलं ते अगडबंब व्हायोलिन, सगळ्यात खालच्या तारेवर एकच स्वर धरतं. आपल्या कानाला हे परकं नाही, तानपुरा हेच करतो. फरक असा की तानपुरा षड्जाबरोबर (सा) पंचमही (प) देतो, त्यामुळे घर बांधल्यासारखं वाटतं. इथे पंचम दिलेलाच नसतो. नुसतं जोतं घातलंय, वर काय बांधणार ते कुणालाच माहीत नाही.

टॉर्च लागला की चेलो येतात. चार-पाच स्वरांचा एक छोटा तुकडा, पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा. याला ऑस्टिनाटो असा इटालियन शब्द आहे; त्याचा मूळ अर्थ हट्टी. मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढलो, त्यामुळे मला हा हट्ट कुणी शिकवायची गरज पडली नाही. आमच्या गल्लीत घराघरांत माग. साधा धोट्याचा माग मिनिटाला शंभर-दीडशे वेळा धोटा इकडून तिकडे फेकतो. असे वीस माग चालू असले की पाहुण्याला समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि गल्लीतल्या माणसाला माग ऐकू येत नाहीत. आम्ही त्या खडखडाटात अभ्यास केला, झोपलो, आजारपणं काढली. पण रात्री दोनला वीज गेली की अख्खी गल्ली दचकून उठायची. कान ऐकणं सोडून देतो पण मोजणं सोडत नाही, हे मला तेव्हापासून माहीत आहे. चेलोंचा हट्टी तुकडा प्रेक्षकाच्या कानात असाच माग लावून ठेवतो. थोड्या वेळाने तो जाणवेनासा होतो, पण आतमध्ये मोजणी चालूच असते. आता संगीतकाराने त्यातला एक स्वर जरी बदलला, एक मात्रा जरी खाल्ली, तरी प्रेक्षक खुर्चीत सरळ होतो. का झाला ते त्याला सांगता येत नाही.

तालाच्या बाबतीत आपल्याला एक आयती सोय आहे: सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा. तबल्याची तिहाई, म्हणजे तीनदा वाजून समेवर येणारा तुकडा, चालू झाली की श्रोत्याची मान समेवर पडायला तयार होते आणि सम आली की ‘वाः’. थरारक संगीत तिहाई सुरू करतं आणि सम देत नाही. लालो शिफ्रिन यांनी १९६६ साली ‘मिशन: इम्पॉसिबल’ या अमेरिकी मालिकेची जी धून बांधली ती आठवा. ती पाच मात्रांची आहे. तिचे दहा भाग पाडले तर वजनं पडतात ३-३-२-२ अशी. आपला झपताल दहाचाच, पण २-३-२-३. झपताल डुलत जातो. शिफ्रिन यांचा ठेका दोनदा लांब ढांग टाकतो आणि मग दोनदा घाईघाईने पाय उचलतो, जणू मागून कुणी येतंय. पाश्चात्त्य श्रोत्याला चाराची सवय, त्यामुळे त्याला तो कायम अर्ध्या पायरीवर लटकल्यासारखा वाटतो.

आता पावलं. ३१ वा सेकंद. इथे बास आणि चेलोंच्या वर व्हायोला, म्हणजे व्हायोलिनहून जरा मोठी वाद्यं, शिरतात आणि ते मुळ स्वराला अगदी खेटून असलेला स्वर लावतात. घरात पेटी असेल तर आत्ताच करून बघा. पांढरी एक आणि तिच्या शेजारची काळी एक एकदम दाबून ठेवा. मधल्या सप्तकात या दोन स्वरांच्या कंपनांत सेकंदाला सुमारे १५-१६ चा फरक असतो, आणि तेवढ्या वेगाने आवाज थरथरतो. ही थरथर खरी आहे, हवेत आहे. तुमच्या मनाचा खेळ नाही. मग काळी एक सोडा आणि पांढरी एकबरोबर काळी तीन दाबा. म्हणजे षड्ज आणि तीव्र मध्यम. हा सप्तकाचा बरोबर मधला बिंदू. थरथर कमी, पण स्वर कुठेच टेकत नाही. वर पंचमाकडे जाईल की खाली येईल, कळत नाही. मारवा राग ऐकणाऱ्यांना ही बेचैनी ठाऊक आहे: कोमल ऋषभ, तीव्र मध्यम, पंचम नाहीच आणि षड्जही गायक मुद्दाम टाळत राहतो. मारव्यात शेवटी षड्ज मिळतो तेव्हा जीव भांड्यात पडतो. मालिकेत तो पुढच्या भागातही मिळत नाही.

स्वर कोणता, याइतकंच तो कसा घासला हेही महत्त्वाचं. गज झपाट्याने मागेपुढे केला की ट्रेमोलो, थंडीत दात वाजावेत तसा. गज घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीच्या, अगदी जवळ नेला की स्वरातला गोडवा जातो आणि काचेवर नख ओढल्यासारखी किनार उरते. तारेवर बोट दाबण्याऐवजी नुसतं टेकवलं की बारीक, शिट्टीसारखा, शरीर नसलेला स्वर येतो. गज उलटा करून लाकडाने तारेवर मारलं की हाडं खुळखुळल्यासारखं. ही सगळी तंत्रं जुनी आहेत. नुसती तंतुवाद्यं काय करू शकतात ते दाखवायचं तर १९६० च्या ‘सायको’कडेच जावं लागतं. बर्नार्ड हरमन यांनी त्या चित्रपटाचं सगळं संगीत फक्त तंतुवाद्यांवर केलं. ढोल नाही, पितळी वाद्यं नाहीत. न्हाणीघरातल्या खुनाच्या दृश्याला संगीत नको, असं दिग्दर्शक हिचकॉक यांचं म्हणणं होतं. हरमन यांनी तरी लिहिलं, वाजवून दाखवलं, आणि हिचकॉक यांनी मत बदललं. त्या दृश्यातली किंचाळी व्हायोलिनची आहे.

व्हायोलिनची किंचाळी आपल्याला एवढी का लागते, याचा एक धागा जंगलात सापडतो. कॅलिफोर्नियातले प्राणिवर्तनाचे अभ्यासक डॅनियल ब्लमस्टाइन मार्मट नावाच्या, मोठ्या खारीसारख्या प्राण्यांवर काम करतात. पिल्लं पकडली की ती ज्या फाटक्या, खरखरीत आवाजात ओरडतात, तो आवाज ऐकून आपण हबकलो, हे त्यांना जाणवलं. प्राणी जिवाच्या आकांताने ओरडतो तेव्हा स्वरयंत्रावर त्याच्या ताकदीपेक्षा जास्त जोर पडतो आणि आवाज ‘फाटतो’. मग २०१० साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १०२ चित्रपटांच्या ध्वनिपट्ट्या तपासल्या. भयपटांत असे फाटलेले, गोंगाटी आवाज जास्त निघाले. म्हणजे घोडीजवळ गज घासणारा वादक नकळत पकडलेल्या पिल्लाची नक्कल करत असतो. आपल्याकडे हलगी शेकोटीवर तापवून कातडं ताणतात आणि मग तिचा तो कानठळी कडकडाट निघतो. हलगीवाल्याला विचारलं तर तो सांगेल की अंगात आणणारा आवाज सैल कातड्यातून येत नाही.

पारव्यांपाशी यायचंय, पण त्याआधी थोडं गणित. हे गणित मला फार आवडतं, म्हणून जरा थांबतो.

आपल्याकडच्या टीव्हीचं चित्र सेकंदाला २५ फ्रेमचं. संगीतकाराने लय मिनिटाला ७५ मात्रांची घेतली तर एक मात्रा ०.८ सेकंदाची, म्हणजे बरोबर २० फ्रेमची. पारवे उडतात ४८ व्या सेकंदाला. ४८ भागिले ०.८, म्हणजे ६० मात्रा झाल्या. चार-चारची १५ आवर्तनं संपली आणि सोळाव्याच्या समेवर पारवे. सुरेख! संगीतकार खूश होऊन चहा प्यायला जातो. तेवढ्यात संकलकाचा निरोप येतो की टॉर्चचा भाग रेंगाळतोय, दोन सेकंद काढले. आता पारवे ४६ व्या सेकंदाला, म्हणजे साडेसत्तावन्नाव्या मात्रेवर. दोन मात्रांच्या मधोमध. वाद्यवृंद अर्ध्या मात्रेवर एकदम आदळला तर आवाज पायरी चुकल्यासारखा होतो. मग एका आवर्तनात चाराऐवजी दोनच मात्रा ठेवायच्या, म्हणजे ५८ मात्रा झाल्या; आणि त्या ४६ सेकंदांत बसाव्यात म्हणून लय ७५ वरून ७५.६५ करायची. हा फरक कुठल्याही कानाला कळत नाही. पण ते मध्येच आलेलं दोन मात्रांचं आखूड आवर्तन कळतं, पोटात. अडचणीतून निघालेली ती लंगडी मात्रा कधीकधी दृश्यातली सगळ्यात अस्वस्थ करणारी जागा ठरते. वादकांच्या कानात हेडफोनमधून ही लय टकटक वाजत असते. तिला ‘क्लिक’ म्हणतात.

आणखी एक बारकावा. दणका चित्रापेक्षा फ्रेमभर मागे पडला तर डोळा माफ करतो. आधी पडला तर नाही. आयुष्यातही वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो. उलटं कधी होत नाही.

तर ४८ वा (किंवा ४६ वा) सेकंद, पारवे. सगळा वाद्यवृंद एकदम एक ठोसा देतो. याला ‘स्टिंगर’ म्हणतात, डंख. प्रेक्षक उडतो आणि मग स्वतःवरच हसतो: हॅत्, पारवे! हसताना त्याचे खांदे सैल पडतात. संगीत तिथेच पूर्ण कापलेलं असतं. बास नाही, चेलोंचा माग नाही. २२ सेकंद फक्त तिच्या बुटांचा आवाज. मोबाइल वाजतो तेव्हा तो कुठल्याही स्वरावर नसतो, कारण मागे स्वरच नाही. पारवे हा बार फुसका होता. तो खरा बार भरायला वेळ मिळावा म्हणून उडवलेला.

हे झालं सिनेमालाही लागू. टीव्हीचं दुखणं वेगळं आहे, आणि ते माझ्या आईपाशी येऊन थांबतं. थिएटरात माणूस तिकीट काढून अंधारात बसतो. घरात कुकरची शिट्टी असते, फोन असतो, शेजारीण डोकावते. म्हणून टीव्हीचं संगीत नुसतं चित्राला साथ देत बसत नाही. जे चित्राकडे बघत नाहीत त्यांना ते हाका मारतं. दणके जास्त, शांतता कमी, आणि भागाच्या शेवटी टांगून ठेवणारा एक लांब स्वर, याचं कारण हे. आपल्याकडच्या रोजच्या मालिकांत तर प्रत्येक प्रसंगाला नवं संगीत लिहायला वेळच नसतो. ‘संशय’, ‘धक्का’, ‘रडू’ अशा तयार तुकड्यांच्या साठ्यातून काढायचं आणि चिकटवायचं. सासूच्या चेहऱ्यावर तीनदा तोच ढण्ण. त्याला नावं ठेवणं सोपं आहे. मी ठेवतोही. पण उद्या रात्री साडेआठला भाग जाणार असताना दुसरं काय करायचं, हेही मला सुचत नाही.

दुसरं दुखणं स्पीकरचं. डबल बासच्या त्या खालच्या तारेची कंपनं सेकंदाला सुमारे ४१. पातळ टीव्हीचे इवलेसे स्पीकर एवढ्या खाली उतरूच शकत नाहीत. मग आईला बास ऐकू कसा यायचा? कुठलाही स्वर एकटा नसतो. त्याच्याबरोबर त्याच्या दुपटीचा, तिपटीचा, चौपटीचा स्वर बारीक आवाजात वाजत असतो. ४१ बरोबर ८२, १२३, १६४, अशी उतरंड. स्पीकर तळाची मडकी गाळतो, वरची वाजवतो. आणि मेंदू वरच्या मडक्यांच्या अंतरावरून तळाचं मडकं स्वतःच ठेवून घेतो. हवेत नसलेला स्वर आपल्याला ऐकू येतो! हे ज्याला माहीत आहे तो संगीतकार बासच्या जोडीला वरच्या सप्तकात चेलो किंवा बॅसून हे फुंकवाद्य वाजवतो, म्हणजे मेंदूला पुरेसा पुरावा मिळतो. स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर ऐकून झालं की शहाणा माणूस एकदा मोबाइलवरही ऐकतो.

आणि संवाद. आपण शब्द ओळखतो ते मुख्यतः १००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यातल्या आवाजांवरून. त्याच जागेत व्हायोलिनची गजबज केली तर नटाचं वाक्य बुडतं, मग ध्वनिमिश्रण करणारा संगीताचाच आवाज खाली ओढतो. म्हणून बोलणं चालू असताना चांगला संगीतकार खाली बास आणि अगदी वर एक बारीक धागा ठेवतो, मधली खोली नटासाठी मोकळी. थरारात हे आयतंच पथ्यावर पडतं, कारण तळ आणि छत आहे, मधल्या भिंती नाहीत, असं संगीत मुळातच असुरक्षित वाटतं.

आता सगळ्यात व्यवहारी प्रश्न. सत्तर वादक मालिकेला परवडतात का? बहुतेक वेळा नाही. एके काळी मुंबईच्या स्टुडिओंत एकेका हिंदी चित्रपटासाठी मोठमोठे ताफे बसायचे. त्यात चर्चच्या शाळांतून स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, शिकून आलेले गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या अरेंजरांनी आपल्या चालींना ऑर्केस्ट्राचं अंग दिलं. पुढे सिंथेसायझर आणि संगणक आले आणि ते ताफे पांगले. आज बरेच संगीतकार बुडापेस्ट किंवा उत्तर मॅसिडोनियातल्या स्कोप्ये इथल्या वाद्यवृंदांकडून तासांच्या हिशेबाने वाजवून घेतात आणि स्वतः मुंबईत बसून इंटरनेटवरून ऐकतात. त्याहून जास्त जण खोलीतून बाहेरच पडत नाहीत. त्यांचा ऑर्केस्ट्रा संगणकात असतो.

हे कसं चालतं ते सोलापुरात सांगायला फार सोपं आहे. जकार्डची चादर विणताना मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. पुठ्ठ्यात सूत नसतं. कुठला ताणा उचलायचा एवढी आज्ञा असते. लाल सूत लावलं तर मोर लाल, निळं लावलं तर निळा. १९८३ साली वाद्यांसाठी ठरलेली मिडी नावाची पद्धत म्हणजे असाच पुठ्ठा. तिच्यात आवाज नसतो. कुठला स्वर, कधी, किती वेळ आणि ० ते १२७ पैकी किती जोराने, एवढंच. पडद्यावर तो नकाशा उघडला की आडव्या पट्ट्यांची नक्षी दिसते आणि मला दर वेळी आमच्या गल्लीतला पुठ्ठे शिवणारा कारागीर आठवतो. सूत म्हणजे नमुने: खऱ्या वादकांना बसवून एकेक स्वर हळू, जोरात, ट्रेमोलोने, बोटाने छेडून असा हजारो वेळा ध्वनिमुद्रित केलेला. एकच स्वर चारदा आला तर चार वेगवेगळी मुद्रणं आळीपाळीने वाजतात, नाहीतर कानाला लगेच शिलाई मशीन ऐकू येतं.

तरी यंत्रमागाची चादर आणि हातमागाची यांत बोट फिरवणाऱ्याला फरक कळतोच. एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकताना वादकाचं बोट जी चूक करतं ती नमुन्यात नसते. म्हणून पोटापुरता उपाय असा करतात की पन्नास खोट्या व्हायोलिनांवर एक-दोन खरी वाजवून घ्यायची. कान खऱ्याला धरून बसतो आणि मागच्या पन्नासांवरही विश्वास टाकतो. खोट्या साक्षीदारांच्या रांगेत एक खरा उभा करावा, तसं.

विश्वासाचीच गोष्ट निघाली म्हणून. १९७५ च्या ‘जॉज’मध्ये जॉन विल्यम्स यांनी शार्कसाठी दोनच स्वर घेतले, शेजारशेजारचे, आपल्या पेटीवरच्या पांढरी-काळीसारखे. ते वाजले की शार्क आलाच. मग मध्येच दोन पोरं शार्कच्या पाठीवर असतो तसा नकली पर घेऊन पोहतात, सगळा किनारा पळतो, आणि ते दोन स्वर वाजत नाहीत. संगीताने खोटं बोलायचं नाकारलं. त्यामुळे प्रेक्षकाची खात्री पटते: स्वर म्हणजे शार्क, स्वर नाही म्हणजे शार्क नाही. आणि मग पुढे एकदा शार्क येतो तो स्वरांशिवाय. मला यापेक्षा हुशार विश्वासघात माहीत नाही. आधी इमानदारी दाखवल्याशिवाय तो करताच येत नाही, आणि प्रत्येक दाराच्या कडीला ढण्ण वाजवणाऱ्या मालिकांना नेमका तोच करता येत नाही.

आमच्या सोलापूर जिल्ह्यातलं उदाहरण मात्र थरारपटाचं नाही. २०१६ चा ‘सैराट’ बराचसा करमाळा तालुक्यात चित्रित झाला, आणि त्याच्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर तिथला ऑर्केस्ट्रा बसवला. उसाच्या फडावर आणि विहिरीच्या उडीवर तो सगळा वाद्यवृंद ओसंडून वाहतो. शेवटी लहान मूल रक्तात पावलं उमटवत बाहेर येतं, तेव्हा काहीही वाजत नाही. मी तो सोलापुरातल्या थिएटरात पाहिला. गाण्यांना शिट्ट्या मारणारी पोरं दिवे लागेपर्यंत जागची हलली नव्हती. जवळजवळ तीन तास चाललेले माग एका फ्रेमवर बंद पडले होते.

आईबद्दल एक राहिलं. पुढे एकदा, मी कॉलेजात असताना, एका मालिकेत कुणीतरी धाडस केलं होतं. जिना, वर चढणारा माणूस, बासचा धरलेला स्वर, हट्टी चेलो, सगळं नेहमीचं. आणि खुनाच्या आधी सगळं संगीत काढून टाकलेलं. आम्ही श्वास रोखून बसलो होतो. आतली थपथप थांबली. पडदा सरकला आणि आई पिठाने भरलेले हात तसेच वर धरून दारात आली.

“काय रे,” ती म्हणाली, “वीज गेली काय?”